तिसऱ्या मजल्यावरची भट्टी

नरकात उतरल्यावर माणूस पहिल्यांदा काय करेल? घाबरेल, रडेल, देवाचं नाव घेईल. आमच्या दत्तू आण्णांनी पहिल्यांदा भट्टीची आच बघितली. बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"चुकीची हाय," म्हणाले. "ह्या आगीत सोनं सा महिनं वितळायचं न्हाई. नुसता दिखावा. ज्यानं कुणी हे काढलंय ना बाळ्या, त्येनं जल्मात भट्टी बघितलेली न्हाई."

हा नरक माझ्याच दुकानात होता, तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर. विट्याच्या अलीकडं आमचं गाव आणि गावच्या स्टँडसमोर माझं सेंटर. सातबारा, आधार, पीकविमा, झेरॉक्स, लग्नाचा बायोडाटा, सगळं होतं. फक्त साइट चालू असावी लागते, आणि ती कधी असते हे मला विचारू नका. सांगलीत एक गेमचं दुकान बुडालं, तिथून मी चार जुने कॉम्प्युटर उचलून आणले. त्यातल्या तिसऱ्यावर एक खेळ तसाच राहून गेला होता. देवदूत आणि दैत्यांची लढाई. आपण देवदूत. पाठीवर हे एवढाले पंख, हातात पेटती तलवार आणि खाली नरकाचे सात मजले. एकेका मजल्यावरचे दैत्य कापायचे, दार उघडलं की खाली उतरायचं, शेवटी त्यांच्या राजाला गाठायचं. लोक चार दिवसांत संपवतात म्हणे. आण्णा दिवाळीला तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि शिमगा झाला तरी तिथंच होते.

आता आण्णा कोण, ते सांगतो. आमच्या भागात पाऊस कमी आणि गलाईवाले जास्त. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालून चोख सोनं-चांदी काढायचा धंदा. घरटी एक माणूस परमुलखात भट्टीपुढं बसलेला. त्या जिवावर गावात बंगले बघा एकेक! गेटवर सिमेंटचे सिंह, वरती काचा, आणि आत माणूस नाही. जत्रेला चार दिवस येतात, गाड्या आडव्या लावून रस्ता अडवतात आणि मला विचारतात, "काय बाळू, अजून झेरॉक्सच का?" मी गलाईला गेलो नाही, म्हणून गावच्या लेखी मी घरकोंबडा. ऐकून आतडं जळतं माझं, खोटं कशाला बोलू.

दत्तू आण्णा कानपूरच्या पलीकडच्या एका गावात पस्तीस वर्षं भट्टीपुढं होते. आता दुकान पोरगा बघतो, तिकडंच असतो, रविवारी फोन करतो. काकू जाऊन तीन वर्षं झाली. दोन मजली बंगल्यात आण्णा खालच्या एका खोलीत राहतात. वर जात नाहीत, कारण जिना चढला की खोकला सुरू होतो आणि तो लवकर थांबत नाही. मिरजेच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून विचारलं, "बाबा, विड्या किती ओढता?" आण्णा म्हणाले, "एक बी न्हाई." "मग हे काय?" तर आण्णा म्हणाले, "ही कमाई हाय, सायब." आणि वर स्वतःच हसले. डॉक्टर हसला नाही म्हणून त्याच्यावर नाराज झाले. "माणसाला गंमत कळाय पायजे," म्हणाले.

पहिल्यांदा ते आधारला मोबाइल नंबर जोडायला आले होते. साइट बंद. मी म्हटलं, बसा. बसले तीन नंबरपुढं आणि तो खेळ त्यांनी बघितला. "ही कसली भानगड?" मी सांगितलं. त्यावर त्यांनी पडद्यावरच्या देवदूताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ज्याची कापडं इतकी पांढरी, त्येनं कवा काम केलं आसंल रं?" देवदूतांवर त्यांचा राग पहिल्यापासून. ढगात बसून उंटावरनं शेळ्या हाकणारी जात, असं त्यांचं मत. दैत्य त्यांना बरे वाटायचे. "काळी झाल्यात बिचारी. आगीपुढं उभं ऱ्हायल्यावर गोरं कोण ऱ्हातंय?"

तरी खेळात दैत्य होता येत नाही. देवदूतच व्हावं लागतं. मग नाइलाजानं झाले. दुपारी दोनला यायचे, पांढरी टोपी मॉनिटरवर ठेवायचे, एका बोटानं बटणं दाबायचे. पहिले दोन मजले त्यांनी कुरकुरत का होईना, पार केले. एकदा एक म्हातारी सातबाऱ्याला आली. पडद्यावर पंखवाला बघून तिनं हात जोडले. "कुठला द्येव म्हणायचा ह्यो?" आण्णा वळून न बघता म्हणाले, "द्येव न्हाई आजी. द्येवाचा नोकर हाय. पगार किती म्हाईत न्हाई."

आणि मग आला तिसरा मजला.

तिथं मोठी भट्टी आहे. भट्टीपुढं एक बारका दैत्य. पाठीत वाकलेला, हातात शस्त्र नाही, फावडं. तो कोळसा घालत असतो. मधूनच थांबतो, कोपरानं कपाळ पुसतो, परत कोळसा घालतो. बाकीचे दैत्य तुमच्या अंगावर येतात, हा येत नाही. तुमच्याकडं बघत पण नाही. पण खालचं दार उघडतं ते भट्टी विझल्यावर, आणि भट्टी विझते ती ह्याला मारल्यावर. एका वाराचं काम.

आण्णा मारेनात. बाकीचे दैत्य कापून काढायचे, मग देवदूताला नेऊन त्या बारक्याच्या बाजूला उभा करायचे आणि स्पेसबार दाबत बसायचे. स्पेसबार दाबला की पंख फडफडतात, वारा सुटतो, भट्टीचा धूर पलीकडं जातो. थोड्या वेळानं नवे दैत्य येतात. ते कापायचे, परत पंख. दोनापासून पाचापर्यंत हेच. माझे दोन कीबोर्ड खलास झाले.

"आवं आण्णा, मारा की त्याला! दार उघडंल!"

"कशाला? त्यो त्येचं काम करतुय."

"आवं पण खेळ पुढं जायला नको का?"

"पुढं काय हाय?"

"चौथा मजला."

"तिथं बी भट्टीच आसंल. हितंच बरं हाय." आणि पंख फडफड, फडफड. "धुराची दिशा बघून बसावं माणसानं. तोंडावर आला की संपलं. भायेर काढाय वाट न्हाई ठेवली बघ ह्या लोकान्नी. एक खिडकी तरी काढाय पायजे हुती का न्हाई?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ह्या माणसाला नरकाला खिडकी पाहिजे! मी गावात चार जणांना सांगितलं, सगळे पोट धरून हसले. पुढं पुढं लोक झेरॉक्सला आले की विचारायचे, "काय आण्णा, दार उघडलं का?" आण्णा म्हणायचे, "घाई काय हाय?" मला मात्र घाई होती. फॉर्मांचे दिवस, एक आणि चार नंबर बंद पडलेले, लोक रांगेत उभे, आणि हे महाराज दैत्याला वारा घालतायत. एक-दोनदा मी तोडून बोललो पण. ते गप्प उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी दोनला परत हजर.

मार्चमध्ये एका गुरुवारी ते मिरजेला तपासणीला गेले. साइट सकाळपासून बंद. दुकानात काळं कुत्रं नाही. मी तीन नंबरपुढं बसलो. खरं सांगतो, मनात दोन्ही होतं. एक म्हणजे कटकट संपेल. आणि दुसरं, म्हातारा मिरजेहून काय ऐकून येतोय कुणास ठाऊक, त्याला काहीतरी बरं दाखवावं. अडकलाय बिचारा, हात चालत नाही, लाजेनं सांगत नसेल. मी देवदूताला त्या बारक्याच्या पाठीमागं नेला आणि तलवार चालवली. एकच वार. तो फावड्यासकट खाली बसला, भट्टी विझली, दार उघडलं. मी चौथ्या मजल्यावर उतरून खेळ तिथं थांबवला. फार शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं मला.

शुक्रवारी दोनला आण्णा आले. टोपी मॉनिटरवर ठेवली.

"आण्णा, बघा तरी! चौथा मजला! तुमचं काम करून टाकलं मी!"

ते बघत राहिले. चौथ्या मजल्यावर बर्फ आहे, सगळं पांढरंफेक.

"त्यो कुठाय?"

"कोण?"

"आच घालणारा."

"मारला की. त्याशिवाय दार कुठं उघडतंय?"

"किती वार लागलं?"

"एकच."

"वरडला का?"

"नाही हो. खाली बसला फक्त."

आण्णांनी मान हलवली. म्हणाले, "किसना बी न्हाई वरडला."

किसना कोण, मला माहीत नव्हतं. गावात कधी नाव ऐकलं नव्हतं. आण्णांचा धाकटा भाऊ. मिलिटरीत जायचं म्हणून रोज कालव्याच्या कडेनं विट्यापर्यंत पळायचा. भरतीत छाती मोजतात ना, ती फुगवून दाखवायचा घरात सगळ्यांना. तो वीस वर्षांचा असताना आण्णांनी त्याला तिकडं भट्टीवर बोलावून घेतला. हाताखाली माणूस नाही, भरती काय पुढच्या वर्षी पण असते, ये. थोरल्या भावानं बोलावलं की आमच्याकडं जायचं असतं. तो गेला.

"दहा बाय आठची खोली," आण्णा पडद्याकडं बघत सांगत होते. "एका गिऱ्हाइकाचं सोनं तेजाबात घातलं हुतं. मला पेढीवर जायाचं हुतं, घटकाभराचं काम. आत किसना, आणि दुसऱ्याचं सोनं. म्हणून भायेरनं कुलूप घातलं. समदी घालायची तसं. पेढीवर उशीर झाला. आलो, दार उघडलं, तर पिवळा धूर नुसता. आणि ह्यो आपला भट्टीपुढं बसलेला."

"मग त्यांनी दार का नाही वाजवलं?" माझ्या तोंडून गेलं.

"मी बी त्येच इचारलं. म्हणाला, दार वाजवलं आसतं तर शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं आसतं. आत माल हुता, आण्णा."

बाहेर एस.टी. लागली होती, कंडक्टर बेल मारत होता.

"चालत भायेर आला, गड्या. हासत हुता. माल चोख निघालाय म्हणाला. दोन भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, सुटलो. सांजच्याला खोकला लागला, सकाळी गेला. धुराचं आसंच आसतंय, मागनं धरतंय. आईला काय सांगितलं? ताप आला म्हणून सांगितलं. समद्या गावाला त्येच सांगितलं. तुझ्या काकूला बी त्येच."

"आण्णा, मला माहीत नव्हतं हो," मी म्हणालो. मला खरंच रडू येत होतं. त्या खेळाचा, माझ्या शहाणपणाचा, गेटवरच्या सिंहांचा, सगळ्याचा संताप आला होता.

"तुला म्हाईत नव्हतं," आण्णा म्हणाले. "मला म्हाईत हुतं. धूर काय करतुय, ते मला म्हाईत हुतं."

मी माउस ओढून घेतला. काहीतरी करायलाच पाहिजे होतं मला. "आण्णा, थांबा. खेळ पहिल्यापासून सुरू करतो. दोन मजले मी काढून देतो तासाभरात. तिसऱ्यावर तो असणारच. परत उभा असेल, बघा तुम्ही."

आण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. बोटांना नखं अशी राहिलेलीच नाहीत त्यांच्या, तेजाबानं खाल्लीत. ते माझ्या लक्षात आजवर आलं नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण रागावले नाहीत.

"नगं रं," म्हणाले. "त्यो नसंल आता. तसला दुसरा आसंल." मग टोपी उचलून डोक्यावर घातली. "एकाला भट्टीपुढं बोलावून घेतला, तेवढं बास झालं."