गोलानंतरचा चेहरा

ज्या क्लबकडून आपण एकेकाळी खेळलो, त्याच्याविरुद्ध गोल केल्यास खेळाडूने आनंद व्यक्त करू नये, अशी फुटबॉलमध्ये एक सभ्य प्रथा आहे. मान खाली घालायची, दोन्ही तळवे वर करायचे आणि चूक झाल्यासारखं चालत परत यायचं. प्रथा चांगलीच आहे. मी क्लबच्या कार्यालयात कारकून आहे आणि तिचं परिपत्रक मीच टाईप केलं आहे.

अडचण आली ती आमच्या नऊ नंबरमुळे. हा आमचा स्ट्रायकर. लीगमध्ये क्लब बारा, आणि आमचा धरून अकरा क्लबांचं पाणी हा गडी चौदा वर्षांत प्यायलेला. कधी विकला, कधी उसना दिला, एकदा तर नव्या शर्टातले फोटो काढून दुसऱ्या दिवशी परत पाठवला. त्यामुळे त्याचा जवळजवळ प्रत्येक गोल कुठल्या तरी जुन्या घरावरच पडायचा. वर्षाला वीस गोल करणारा माणूस वर्षातून वीस वेळा तोंड पाडून उभा.

तेवढ्यानेही भागेना. एका क्लबने लेखी तक्रार केली : ‘सदर खेळाडू आमच्याकडे तीन हंगाम असूनही मान केवळ चार सेकंद खाली होती. ज्यांच्याकडे जेमतेम सहा महिने होता, त्यांना सात सेकंद मिळाले.’ महासंघाने तक्ताच काढला. दर हंगामामागे दोन सेकंद. आम्ही मग एक खेद-प्रशिक्षक नेमला. नाटकात पूर्वी मुलींच्या बापाची कामं करायचा.

“खांदे पाड,” तो सरावाच्या वेळी सांगायचा. “अजून. बॉल जाळ्यात गेला, म्हणजे काय झालं?”

“गोल झाला.”

“वाईट झालं. म्हण.”

नऊ नंबर म्हणायचा. स्वभावाने गरीब बिचारा.

एका दुपारी त्याची सात वर्षांची मुलगी माझ्या टेबलाशी त्याची वाट बघत बसली होती. स्टॅपलरशी खेळता खेळता म्हणाली, “काका, गोल केला की बाबांना रागावतात का?”

“नाही गं, शाबासकी देतात.”

“मग ते असे का उभे राहतात?”

मी परिपत्रक काढून पाहिलं. त्यात याचं उत्तर नव्हतं. नऊ नंबर दारातून ऐकत होता. तो आत येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. उठताना त्याला टेबल धरावं लागायचं, असा त्याचा गुडघा.

“शेवटची मॅच बाराव्या क्लबशी आहे,” तो म्हणाला. “तिथे बाबा कधीच खेळले नाहीत. गोल केला की विमान करीन. तुझ्यासाठी.”

“हॉलमध्ये करतो तसं?”

“तसंच. आवाजासकट.”

त्या मॅचनंतर तो निवृत्तच होणार होता. म्हणजे विमानाला संधी एकच.

मॅचच्या तीन दिवस आधी त्याचा एजंट हसत आला. बाराव्या क्लबने नऊ नंबरला पुढच्या महिन्यापासून मुलांचा प्रशिक्षक म्हणून तीन वर्षांसाठी घेतलं होतं. सह्या झाल्या. आणि आमच्या सेक्रेटरीसाहेबांना शंका आली. त्यांनी महासंघाला विचारलं, तेव्हा दोन तासांत खुलासा आला : ‘माजी क्लब या संज्ञेत भावी क्लबचा अंतर्भाव समजावा.’ एरवी हा महासंघ पत्राची पोचसुद्धा देत नाही.

“गोल कर, ते तुझं कामच आहे,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. “फक्त आनंद नको.”

“साहेब, माझी मुलगी येणार आहे.”

“मग तर जपूनच. मुलांवर परिणाम होतो.”

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्याने गोल केला. मुलगी खुर्चीवर उभी राहून दोन्ही हात पसरून वाट बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे हात खांद्यापर्यंत आलेही. तेवढ्यात रेषेबाहेरून खेद-प्रशिक्षकाने स्वतःचे खांदे पाडून दाखवले. नऊ नंबरचे हात उतरले, मान खाली गेली. तीन वर्षांचे सहा सेकंद. घड्याळ माझ्याच हातात होतं. मुलीचे हात खाली यायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि मला वाईट वाटलं. पण त्याची नोंद करायला रकाना नव्हता.

पुढच्या महिन्यात तिच्या शाळेत क्रीडादिन होता. क्लबतर्फे पदकं घेऊन मी गेलो होतो. पळण्याच्या शर्यतीत ती पहिली आली. पालकांसाठी बांधलेल्या दोरीमागे तिच्या बापाने दोन्ही हात पसरले आणि तो दुखऱ्या गुडघ्यावर, आवाजासकट, दोरीच्या कडेने धावत सुटला. पालक वळून वळून बघू लागले.

मुलगी मात्र रेषेवर थांबली होती. मान खाली, तळवे वर. मग ती चालत दोरीपाशी आली.

“बाबा, हळू,” ती म्हणाली. “दुसरी आली ना, ती मागच्या वर्षी माझ्या बाकावर होती.”

“किती समजूतदार मुलगी,” माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या. बाईंनी डोळे पुसले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही असता तर तुम्हीही वाजवल्या असत्या. त्या तिच्या पळण्यासाठी नव्हत्या.