अठरा व्होल्टची वाटणी

थोरल्याने ड्रिलचा घोडा दाबला आणि काहीच झालं नाही. होणार कसं? ड्रिल त्याचं होतं, बॅटरी धाकट्याची.

वडील घरोघरी पडदे बसवायचे. ते गेल्यावर दोघा भावांनी वाटणी केली, ती इतक्या न्यायाने की न्यायालाही लाज वाटावी. थोरल्याला ड्रिल, धाकट्याला त्याची बॅटरी आणि चार्जर. शिडी दुहेरी होती, तिची एकेक बाजू. आई तेवढी अखंड राहिली, कारण तिच्यावर कोणी हक्कच सांगितला नाही. ती होती तिथेच, थोरल्याच्या घरात, राहून गेली.

खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडलेली तीच आई आज दुपारी घरी यायची होती. "न्हाणीघरात धरायला दांडी बसवा. पुन्हा पडल्या तर माझ्याही हातात काही नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मिस्त्रीला बोलवा ना," बायको म्हणाली.

"बापाचं यंत्र घरात असताना?"

"मग भावजींना फोन करा."

"त्याच्यापुढे तोंड वेंगाडू? त्यापेक्षा नवी बॅटरी आणतो."

आणली. कंपनी तीच, रंग तोच, पण बारा व्होल्टची आणि तोंडाशी जास्त रुंद. ती खाचेत बसेना, तेव्हा त्याने कानस घेऊन ड्रिलचीच खाच घासून रुंद केली. बॅटरी बसली. घोडा दाबताच ड्रिल एकदा कण्हलं आणि गप्प झालं.

त्याने दुकानदाराला फोन लावला.

"अहो, अठराच्या यंत्राला बाराची बॅटरी? नांगराला शेळी जुंपलीत की! परत आणा, पण घासलीबिसली नाही ना?"

"छे! बॅटरीला हात लावला नाही," थोरला म्हणाला. तेवढं मात्र खरं होतं.

तोवर बायकोने परस्पर दिराला कळवलं होतं. बॅटरी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून धाकटा दारात उभा राहिला. "वहिनी, मी आईसाठी आलोय. काम झालं की माझी वस्तू घेऊन जाणार."

"त्याला म्हणावं, हिच्यावर वीस लिहिलंय, ड्रिलवर अठरा," थोरला बायकोला म्हणाला. "माझं यंत्र जळलं तर?"

"दादाला सांगा वहिनी, वीस नुसते भरल्या भरल्या दिसतात. कामाला जुंपली की अठराच. असतात काहीजण, काम पडेपर्यंतच जोरात."

"हा मला बोलतोय का गं?"

"ते बॅटरीबद्दल बोलतायत. स्वतःला ओळखलंत मात्र तुम्ही."

रुंद झालेल्या खाचेत बॅटरी म्हाताऱ्याच्या दातासारखी डुगडुगू लागली. धाकट्याने पुठ्ठ्याची पाचर ठोकली. ड्रिल फिरलं. थोरल्याने यंत्र सोडलं नाही, धाकट्याने बॅटरी सोडली नाही. चार हातांनी जशी पडायची तशी भोकं पडली. दांडी तिरकी बसली, पण पक्की.

आई आली. दोघांनी तिला धरून थेट न्हाणीघरात नेलं. तिने दांडी घट्ट पकडली, वर पाहिलं, खाली पाहिलं. "वाकडी आहे," ती म्हणाली. "पण धरतेय."

तेवढ्यात तिथेच ठेवलेल्या ड्रिलमधून धाकट्याने बॅटरी काढायला घेतली. पाचर आत फसली होती. बॅटरी निघेना.

"खाच कोणी घासली ही?" वाटणीनंतर तो पहिल्यांदाच थेट भावाशी बोलला.

"पाचर कोणी ठोकली?"

"सोड, माझी आहे."

"तू सोड. यंत्र माझं आहे."

"अरे, हात द्या रे कोणीतरी," आई म्हणाली. "पाय थरथरतायत."

"एक मिनिट, आई," दोघेही म्हणाले. दोघांचेही हात गुंतलेले होते.

ती थांबली. मग दांडी धरून तिने एक पाऊल टाकलं. आधाराशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन्ही आधार एकमेकांना ढकलण्यात गर्क होते. दांडी संपली तशी तिने भिंत धरली, मग चौकट. बाहेर येऊन तिने दार ओढलं, कडी लावली आणि तिलाच धरून उभी राहिली. सून खुर्ची घेऊन धावत आली.

"अगंबाई! आई, उघडू का दार?"

"हाक मारतील तेव्हा उघड," सासू खुर्चीत टेकत म्हणाली.

आत ओढाताण चालू होती. बराच वेळ हाक काही आली नाही.