बेंबळीतले दोन दर्दी

मार्तंड मास्तरांच्या जिवाला सकाळपासून थारा नव्हता. मेव्हण्याकडून मागून आणलेला सेलवरचा टेपरेकॉर्डर बेंबळीच्या पारावर मांडून ते कधी बटणं पुसत, कधी फीत पुन्हा पुन्हा तपासत. हिवाळाभर खेडोपाडी हिंडून त्यांनी जात्याची घरघर, मुसळाचे ठोके, घड्याळाची टिकटिक आणि मोटेवरचं गाणं असं एकापुढे एक जोडलं होतं. नाव दिलं होतं ‘सरलेल्या काळाचं संगीत’. तुळजापुरातल्या शेजाऱ्यांनी ते ऐकून यंत्र बिघडलंय का, एवढंच विचारलं होतं.

शेवटी मास्तरांच्या बायकोनं, प्रेमलाबाईंनी, निक्षून सांगितलं. बेंबळीत एकाला जरी हे ऐकून जुने दिवस आठवले, तर भावाला सांगून यंत्र ठेवून घेईन. नाहीतर उद्या ते परत जाईल आणि हा विषय पुन्हा घरात निघायचा नाही.

कार्यक्रमाचे अध्यक्ष होते ढोकीचे बागाईतदार आण्णासाहेब. त्यांना निघायची घाई, म्हणून मांडवाला लागून उभ्या असलेल्या बब्रुवानच्या जुंपलेल्या गाडीतच ते लोडाला टेकून बसले. हिवाळा सरल्यावर बब्रुवाननं विहिरीवर इंजिन बसवल्यापासून त्याची मोट अडगळीत पडली होती आणि मोटेचे म्हातारे बैल गाडीला लागले होते.

जातं घरघरू लागलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“आत्ता कुठं गिरणी आली अन् हात मोकळे झाले,” कडूबाई म्हणाली, “अन् मास्तर पुन्यांदा जातंच ऐकवायलेत.”

मुसळाला लोकांनी जांभया दिल्या. टिकटिक सुरू होताच आण्णासाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

मग मोट लागली. चाक कुरकुरलं, पाणी धबाधबा ओतलं गेलं आणि बब्रुवानचा गडी धोंडीबा फितीतून खड्या आवाजात गाऊ लागला.

गाडी हलली, तीही मागं. मोट रिकामी झाली की गडी गातो आणि बैल उलट्या पावलांनी विहिरीकडं येतात, ही त्या जोडीची जन्माची सवय. दोघं शिस्तीत मागं सरकले आणि आण्णासाहेब गाडीसकट उकिरड्याला टेकले. ते बंद करा म्हणून ओरडत होते, पण घाबरलेल्या मास्तरांना बटणच सापडेना. तेवढ्यात फितीतल्या धोंडीबानं मोट भरल्याची हाळी दिली. झालं, बैल उताराला लागल्यासारखे पुढं सुटले आणि मांडवाचं कापड गाडीत अडकून बरोबर निघालं. पुन्हा गाणं, पुन्हा उकिरडा. खरा धोंडीबा कासरा ओढून दमला, पण बैल त्याला विचारीनात. ते फितीतल्या धोंडीबाचं ऐकत होते.

फीत संपली तेव्हा कुठं गाडी थांबली. आण्णासाहेब धोतर झटकत पायीच निघून गेले. गाव पोट धरून हसत होतं. धोंडीबा तेवढा बैलांच्या माना खाजवत उभा होता.

“लई दिसानं ऐकलं जी त्यांनी,” तो म्हणाला.

मास्तरांचे डोळे भरून आले. यंत्र गुंडाळता गुंडाळता ते बायकोला म्हणाले, “उद्या देऊन टाक तुझ्या भावाला.”

प्रेमलाबाईंनी हसू लपवायला तोंडाशी धरलेला पदर बाजूला केला.

“द्यायचं कशाला? मी एकच मागितला होता. इथं दोघांना आठवलं.”