भाकऱ्या तट्टाने शीव ओलांडिली त्याची हकीकत

श्री. आयाळ विंचरणाऱ्यावर आणि ती विस्कटणाऱ्यावर, दोहींवर देवाची सारखीच कृपा असो. शके सोळाशे अमुक, दुर्मुखनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी वर्तमान जाहले ते ऐसे जे:

राज्य बहुत सुखी. शत्रू नाही, दुष्काळ नाही, सबब कारभाऱ्यांस काम नाही. मग राजेसाहेबी मनात आणिले की दसऱ्यास लहान मुले तट्टांवर बसोन फौजेच्या आधी शीव ओलांडितात, आणि एक तरी मूल ओलांडिल्यावाचून फौजेने पाऊल टाकू नये, हा वडिलांचा रिवाज खरा, परंतु मुले गबाळी दिसतात. आणि विसाजीपंत म्हणोन थोर गृहस्थ, जन्मात घोड्यावर बसले नाहीत, परंतु पागोट्याची घडी कधी मोडिली नाही, त्यांस टापटीपनवीस नेमिले. मग पंतांनी हुकूम फर्माविला की मुलाच्या वेणीचा गोंडा आणि तट्टाच्या आयाळीचा गोंडा एका कापडाचा असावा, आणि तट्टाचे अंग कानापासोन शेपटीपर्यंत तेलाने ऐसे चोळावे की त्यात पंतांस आपले मुख दिसावे, आणि मुलाने हसू नये, हसल्यास पडलेले दात दिसतात व दरबाराची अब्रू जाते. जे तट्टू नापसंत, ते मिठाच्या तांड्यास ओझ्याकरिता द्यावे.

त्या गावी मैनाबाई म्हणोन शिलेदाराची स्त्री होती, आणि तिची लेक ठकू, वय सात, पुढले दोन दात नुकतेच पडलेले, आणि तिचे तट्टू भाकऱ्या, रंगाने आणि आकारानेही तैसेच. मैनाबाईंनी लग्नातल्या शालूचा काठ फाडोन दोन गोंडे केले, आणि दसऱ्याचे पहाटे लेकीचे पेंगते डोके पोटाशी धरोन वेणी घातली, आणि मग भाकऱ्याचीही घातली, तो मात्र जागा होता आणि हालत होता. मग हुकुमाप्रमाणे तेल चोळिले. भाकऱ्या झळकू लागला. मैनाबाई हात धुवावयास गेल्या, तो इकडे भाकऱ्याने अंगणात चारी पाय वर करोन लोळण घेतली, आणि तेलावर तांबडी माती ऐशी बसली की खरवडिता निघेना. माय रडकुंडीस आली. ठकू म्हणाली, “आई, त्याला खाज सुटली होती गं. तू नाही का माझी पाठ खाजवत?”

मैदानी पंत तपासणीस आले, रुमालाने भाकऱ्याची पाठ पुसली, रुमाल पाहिला आणि बोलिले, “हे काय तट्टू आहे? करपलेली भाकर आहे!”

“भाकऱ्याच नाव आहे त्याचं,” ठकू आनंदून म्हणाली. “तुम्हांला कुणी सांगितलं?” आणि हसली.

दात नव्हते ते दिसले. दोन अपराध जाहले. पंतांनी फर्माविले की नापसंत, तांडा सांजेस निघेल, तट्टू हवाली करावे. तेव्हा ठकू हसायची थांबली, आणि भाकऱ्याच्या गळ्यास ऐशी बिलगली की तिचाही परकर तांबडा जाहला.

मग नगारा जाहला आणि पसंत मंडळी निघाली. अग्रभागी पंतांचे नातू रंगराव, शिरी तुरा, अंगी जरी. तट्टू नगाऱ्याने दचकोन शिंकले मात्र, तो तेलकट पाठीवरोन खोगीर सरकले आणि नातूसाहेब तट्टाच्या पोटाखाली वटवाघुळासारखे लोंबले. “आजोबा, मी खाली आलो!” ऐसी आरोळी जाहली. मागल्याचेही खोगीर सरकले, त्याच्या मागल्याचेही, आणि सारे राजबिंडे धुळीत बैसले. कोणास लागले नाही, अब्रूखेरीज. सूर्य कलला, शीव समोर, आणि फौज खोळंबली.

राजेसाहेब पुसते जाहले, “पंत, कोणी उरले आहे काय?”

“उरले आहे महाराज,” पंत बोलिले, “परंतु ते पसंत नाही.”

“मग तुमच्या पसंतीवर बैसोन आम्ही शीव ओलांडावी काय?”

तेव्हा मैनाबाईंनी लेकीस उचलोन बैसविले, आणि हात सुटेना, तरी सोडिला. मातीवर खोगीर गच्च बसले होते. भाकऱ्या दुडक्या चालीने निघाला, शीव ओलांडिली, आणि ठकू आपट्याचे पान घेवोन परत आली, तोंडभर हसत, दोन्ही खिडक्या उघड्या. राजेसाहेबी पान माथी लाविले आणि तांड्यास सांगोन पाठविले की भाकऱ्याची वाट पाहू नये.

“बाई, तुम्ही तेल कसे लाविले नाही?” पंतांनी दरडावोन पुसले.

“लावलं होतं की पंत, कानापासून शेपटीपर्यंत. हुकूम मी मोडला नाही. त्यानं मोडला.”

पंत शहाणे. पुढील साली नवा हुकूम निघाला की सर्व तट्टांनी तांबड्या मातीत रीतसर लोळावे, लोळणे डावीकडोन उजवीकडे असावे, आणि मुलांनी हसावे, ज्यांचे दात शाबूत असतील त्यांनी दात झाकोन हसावे. नमुना म्हणोन भाकऱ्यास दरबारी बोलाविले. तो त्या सकाळी नदीत गळ्यापर्यंत उभा होता, आणि लख्ख होवोन आला.

सारांश, टापटीप पंतांची राहिली, राज्य राजाचे राहिले, आणि तट्टू ठकूचे राहिले. इतके कळावे. लेखनसीमा.