गोड्या पाण्यानं फुटलेले टमाटे

रामटेके काकांचे टमाटे मी फोडले. दगडानं नाही, गोड्या पाण्यानं, आणि तेही दयेपोटी. हे कबूल केल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही.

काका कळंबला आमच्या शेजारी राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते, आता निवृत्त आहेत. कुणाकडेही गेले की चहाआधी पाणी मागतात, घोट तोंडात घोळवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "नळाचं. पन परवाचं." माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही त्यांनी आमच्या माठाचा निकाल दिला होता. "माठ धुतला नाही बाप्पा चार दिवस." पाहुण्यांनी पेले अलगद खाली ठेवले.

काकांच्या स्वतःच्या बोअरचं पाणी मात्र इतकं खारं, की गायही हुंगून तोंड फिरवते. त्या पाण्यावर काका भाजी पिकवतात, आणि तीही मातीवाचून. हिरव्या जाळीखाली आडवे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत प्लास्टिकचे पेले, पेल्यांत नारळाचा भुसा आणि भुशात रोप. ड्रममधलं खत घातलेलं पाणी एक लहानशी मोटर दिवसभर पाइपांतून फिरवत राहते. बोअरच्या पाण्यात साठवलेलं पावसाचं पाणी मिसळायचं आणि रोपाला सवय होईल तसतसं खारं वाढवत न्यायचं. खारेपण मोजायला पेनासारखं यंत्र आहे. पण काका आधी बोट बुडवून चाटतात, मग यंत्राला विचारतात. दोघांचं जमलं नाही तर यंत्राचे सेल बदलतात.

पहिल्यांदा त्या पाण्यावर पालक आलेला पाहून मी बराच वेळ जाळीला धरून उभा होतो. मग बीट आलं. "पानी वाईट नसते, गजू. मानसाले घाई असते," हे त्यांचं पालुपद.

मार्चमध्ये बोराएवढे टमाटे पिकायला लागले. काकू दिवाळीपासून नागपूरला मुलीकडे होत्या. त्यांना आणायला काका दोन दिवस गेले. जाताना ड्रम माझ्यावर सोपवला. "पानी कमी झालं तं या निळ्या कॅनातलं खारं टाकजो. दुसरं नाही. अन् तोडजो नको एकबी."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर पानं मलूल झालेली. माझी आई उन्हाळाभर दारात रांजण भरून ठेवायची. तहानलेल्याला खारं पाजायचं, हे मला बघवेना. मी ड्रम उपसला आणि नळाचे चार हंडे ओतले. नळ चार दिवसांनी आला होता. बायको म्हणाली, "आपल्याले प्याले नाही, अन् तुम्ही पाइपाले पाजता?" मी पुढचा हंडा उचलला. पुण्य करणारा माणूस बोलत नसतो.

सकाळी जाळी उचलली. लाल झालेला प्रत्येक टमाटा देठापाशी उभा तडकला होता. कुणी ब्लेड फिरवल्यासारखा. खाऱ्याची सवय झालेली ती रोपं गोडं पाणी अधाशासारखी प्याली आणि फळांना साल पुरली नाही, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी नुसता मोजत राहिलो. एकही धड सापडला नाही.

तेवढ्यात ऑटो आला. काका उतरले, मागून काकू. काकांनी टमाट्यांकडे पाहिलं, मग ड्रममध्ये बोट बुडवून चाटलं.

"गोडं. कोनं टाकलं?"

"मी. तहानलेले दिसले, काका."

त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. ते पायरीवर बसले. काकू पिशवी ठेवायला आत गेल्या, तेव्हा हळूच म्हणाले, "बोअर शेवग्याच्या झाडापाशी खोदा, असं तुह्या काकूनंच सांगितलं होतं. खारी लागली. मंग गल्लीत कोनीतरी म्हनलं, रामटेकेच्या घरी भाजीत मीठ टाका लागत नाही. तवापासून ते कोनाच्या बारशाले गेली नाही. मंग पोरीकडेच जाऊन बसली. हे टमाटर तिच्या हातानं गल्लीत वाटाचे होते. तिच्या बोअरचे."

तो कोणीतरी मी होतो. चहाच्या टपरीवर बोललो होतो. लोक हसले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं होतं. काका इतकी वर्षं माझ्या घरचं पाणी चाखत आले, ड्रम माझ्याच भरवशावर टाकून गेले, आणि त्यांना हे माहीत नव्हतं.

काकू बाहेर आल्या. एक तडकलेला टमाटा तोडून त्यांनी अर्धा खाल्ला, उरलेला माझ्यापुढे धरला. "गोड आहे रे," म्हणाल्या. खरोखर गोड होता. खाऱ्या पाण्यानं गोड झालेला असा टमाटा बाजारात मिळत नाही.

मी कोपऱ्यातली टोपली उचलली.

"काकू, ते मिठाची गोष्ट मीच काढली होती. मले माफ करा. टोपली मी धरतो, तुम्ही वाटा. दारोदार मीच सांगतो, कोन म्हनलं होतं ते."