पुढच्या सीटवरचं जहाज

ज्याचं समुद्रावर खरं प्रेम आहे त्याने समुद्रापासून लांब राहावं, हा नियम फार जुना आहे आणि सर्व सुसंस्कृत समाजांत तो पाळला जातो. जे लोक खरोखर समुद्रावर जातात त्यांची कातडी करपते, पोटात ढवळतं, कपड्यांना मासळीचा वास येतो आणि शेवटी वाऱ्याला शिव्या देत ते म्हातारे होतात. त्यांच्याकडून दर्याची शान कशी टिकणार? ती टिकवली आहे तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून बसलेल्या माणसांनी.

अशाच एका थोर दर्यावर्दीची ही हकीकत. घरात त्यांना 'कप्तान' म्हणत. (हे नाव त्यांच्या पत्नीने ठेवलं होतं. तिने ते कौतुकाने ठेवलं असा कप्तानांचा समज होता आणि तो कोणी मोडला नाही.) ते एका विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. खात्याचं पाटीवरचं नाव 'दावे निवारण' असं होतं, आणि दावा नाकारला की त्याचं निवारण होतंच, तेव्हा पाटीत खोटं काही नव्हतं. कप्तानांना पोहता येत नव्हतं. होडीत ते आयुष्यात एकदाच बसले होते, नवं लग्न झालेलं असताना, बागेतल्या तळ्यात. ती होडी बदकाच्या आकाराची होती. अर्ध्यावर त्यांना गरगरलं, तेव्हा नव्या नवरीने एकटीने पायडल मारत बदक काठाला आणलं.

ही सगळी पात्रता असल्यामुळे कप्तानांनी घरी जोडायच्या छोट्या लाकडी जहाजाची पेटी मागवली, यात नवल नाही.

पेटी परदेशातून आली. तिच्यावर 'फक्त अनुभवी हातांसाठी' असं पाच भाषांत छापलेलं होतं. कप्तानांना त्यातली एकही येत नसल्यामुळे ते डगमगले नाहीत. आत अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या, काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोड्या रुंद. मिऱ्याएवढ्या पितळी तोफा होत्या, तीन जाडींच्या सुताच्या गुंड्या होत्या, आणि एक अतिशय लहान कुत्रा होता, ज्याचं जहाजावर काय काम हे आराखड्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. आधी कणा जोडायचा, मग फासळ्या, मग फासळ्यांवर पट्ट्या भिजवून, वाकवून, चिकटवून चिमट्यांत धरून ठेवायच्या. त्यासाठी घरातले कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे जप्त झाले. ओले कपडे खुर्च्यांवर गेले, खुर्च्या गॅलरीत गेल्या, आणि माणसं जमिनीवर आली. जमीन मात्र कुठे गेली नाही, हे कप्तान अभिमानाने सांगत.

जहाजाच्या हितासाठी घरात काही साधे नियम लागू करण्यात आले:

डोलकाठ्यांचे दोर बांधणं चालू असेल तोवर पंखा बंद राहील. (दोर बांधणं कायम चालू होतं.)

शिंक आल्यास जिन्यात जावं. आणखी एक येईलसं वाटत असल्यास तिथेच थांबावं.

जेवण मांडीवर घ्यावं. पातळ पदार्थ टाळावेत.

पाहुण्यांनी 'किती गोड!' असं म्हणू नये. 'किती अचूक!' असं म्हणावं, आणि निघावं.

अचूकपणा ही काय चीज असते हे सामान्य माणसाला कळत नाही. कप्तानांनी जहाजातल्या कप्तानाच्या खोलीत टेबल केलं, टेबलावर नकाशा पसरला, नकाशावर होकायंत्र ठेवलं, आणि मग त्या सगळ्यावर कायमचं छप्पर चिकटवून टाकलं. ती खोली आता जगात कोणालाही कधीही दिसणार नाही. या कामगिरीबद्दल लघुनौका अभ्यासक मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मंडळाचे अध्यक्ष एक दंतवैद्य होते. ते बिनविरोध निवडून येत, कारण हत्यारं त्यांची स्वतःची होती. मंडळाच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के सभासदांना पोहता येत नाही, सहा टक्क्यांना येतं पण ते कबूल करत नाहीत, आणि उरलेले दोन टक्के प्रश्न विचारला तेव्हा गाठ मारण्यात गुंतलेले होते.

कप्तानांना एक मुलगीही होती. (ही माहिती जरा उशिरा येते आहे खरी, पण हा क्रम कप्तानांचाच आहे.)

ही मुलगी शाळेत होती आणि शाळेच्या संघातून होडी वल्हवत असे. खरी होडी, खऱ्या पाण्यात. चौघींच्या होडीत ठेका धरण्याचं काम तिचं. म्हणजे ती जसं वल्हं मारेल तसं तिच्या पाठीमागच्या तिघींनी मारायचं. तिला बक्षीस नको होतं, नवा मोबाइल नको होता, टेबलावर जेवायचीसुद्धा तिची फारशी अट नव्हती. तिला एवढंच हवं होतं, की बाबांनी एकदा, अगदी एकदाच, काठावर उभं राहून तिला वल्हवताना पाहावं.

कप्तानांचा याला विरोध होता असं कोणी म्हणू नये. पहिल्या शर्यतीच्या वेळी डिंक ओला होता. दुसऱ्या वेळी तो सुकला होता, आणि सुकलेला डिंक कोणासाठी थांबत नाही. तिसऱ्या वेळी कुत्रा हरवला. (तो पुढे कप्तानांच्या भुवईत सापडला.) प्रत्येक नकार कारणासह देण्यात आला होता, आणि कंपनीत एवढी सोय तर हप्ते भरणाऱ्या ग्राहकालाही मिळत नाही.

एकदा मात्र असं झालं, की कप्तानांनी आपणहून तिला हाक मारली. जहाजाच्या कडेला एक चिमुकली होडी टांगायची होती आणि तिच्यात वल्ही बसवायची होती.

"ए, इकडे ये गं. वल्हं होडीच्या काठावर नेमकं टेकतं कुठे?"

मुलगी उडी मारून आली. जमिनीवर पाय लांब करून बसली, हातात केरसुणी धरली आणि सुरूच झाली. "हे बघा बाबा, इथे टेकतं. आणि ओढायचं हातांनी नाही हं, पायांनी! सगळ्यांना वाटतं हातांनी. पाठ अशी सरळ. आणि सुरुवातीला पाणी इतकं जड लागतं ना, वाटतं अख्खं तळंच आपण मागे ढकलतोय. आणि मग एकदम हलकं होतं! हे बघा, यानेच झालंय." तिने दोन्ही तळवे पुढे केले. त्यांवर फोड आले होते, आणि एक फुटला होता.

कप्तानांनी भिंग उचललं. तळहात जवळ ओढून नीट पाहिला. मुलीने श्वास रोखून धरला.

"आधी हात धू," कप्तान म्हणाले. "लाकडाला डाग पडेल."

तरीही ती खचली नाही. त्या वयात माणसं लवकर खचत नाहीत, हा त्या वयाचा मोठाच दोष आहे. "बाबा, रविवारी अंतिम शर्यत आहे," तिने जाहीर केलं. "या वेळी यायचंच."

"तत्त्वतः मंजूर," कप्तान म्हणाले.

"अहो कप्तान," आतून पत्नीचा आवाज आला, "तत्त्व राहू दे घरी, तुम्ही जा!"

आता रविवारीच दुपारी मंडळाचं प्रदर्शन होतं. हलक्या मनाचा माणूस इथे गोंधळला असता. कप्तानांनी दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करून तोडगा काढला: आधी जहाजासह तळ्यावर जावं, शर्यत पाहावी आणि तिथूनच जहाज घेऊन प्रदर्शनाला निघावं. कोणावरही अन्याय नको. रविवारी सकाळी जहाज गाडीत पुढच्या सीटवर बसवण्यात आलं आणि त्याला पट्टा लावण्यात आला. मागच्या सीटवर त्याची रिकामी काचपेटी आडवी ठेवली. मायलेकींना बसने पाठवण्यात आलं. बस अधिक सुरक्षित असते, असं कप्तानांनी आकडेवारीसह सांगितलं.

तर कप्तान तळ्यावर आले. हे खुल्या मनाने मान्य केलं पाहिजे. त्यांनी गाडी अगदी काठाला, पाण्याकडे तोंड करून लावली, आणि काचा वर करून आतच बसले, कारण बाहेर वारा होता आणि वारा हा जहाजांचा जुना शत्रू आहे. लांबून मुलीने हात हलवला. कप्तानांनीही हलवला, बेताने, बाजूच्या दोरांना धक्का लागणार नाही असा.

जहाज पहिल्यांदा फुगेवाल्याला दिसलं. त्याच्यामागून दोन पोरं आली, पोरांमागून त्यांचे आईबाप, आणि बघता बघता गाडीला वेढा पडला.

"अगं, तोफा बघ, तोफा!"

"आत माणसं पण आहेत का हो?"

"पाण्यात चालतं का?"

"काय बोलतोस लेका! एवढं सुंदर जहाज कोणी पाण्यात घालेल?"

प्रमुख पाहुणे व्यासपीठावरून उतरून आले. स्वयंसेवक त्यांना वाट करून द्यायला आले. शेवटच्या रेषेवरचे पंच सगळ्यांच्या शेवटी आले, हे त्यांच्या कर्तव्यनिष्ठेला धरूनच झालं. थोडक्यात, तळ्याकाठी जमलेला सगळा समाज आता जहाज पाहत होता आणि त्याची पाठ पाण्याकडे होती.

एवढ्यात शिट्टी झाली आणि होड्या सुटल्या.

काठाने एकटी मुलीची आई पळत होती. एका हातात चप्पल, एका हातात पदर. "ओढ गं! ओढ! सोडू नकोस!" गर्दीतून कोणीतरी वळून म्हणालं, "बाई, जरा हळू धावा, काचेला हादरे बसतायत."

दोन होड्या जवळजवळ एकदमच रेषेपार गेल्या. चौघी मुली वाकून धापा टाकत होत्या, शेजारच्या होडीतल्या चौघीही. मग सगळ्यांनी एकदम मान वर केली आणि पाहिलं, तर रेषेवर पंच नव्हते. ते घाईघाईने परत आले, घसा साफ केला आणि गंभीरपणे विचारलं, "कोणी पाहिलं का?"

"मी पाहिलं!" आई ओरडली. "आमची पुढे होती! हातभर पुढे!"

"काहीतरीच! आमची होती!" दुसऱ्या होडीतल्या मुलीची आत्या तेवढ्याच जोरात म्हणाली. तिने शर्यतभर जहाजातला कुत्रा पाहिला होता, पण आवाज दोघींचा सारखाच होता.

पंच पेचात पडले. तेवढ्यात फुगेवाल्याला सुचलं, "त्या गाडीतल्या साहेबांना विचारा की! आपल्या सगळ्यांच्या पाठी वळलेल्या होत्या, पण त्यांचं तोंड पाण्याकडेच होतं."

सगळ्यांना एकदम पटलं. एवढ्या बारीक गाठी मारणारा माणूस खोटं कशाला बोलेल? शिवाय साहेब तटस्थ होते. ते इथल्या कोणाचे वडील असतील, अशी शंका काठावर एकालाही आली नव्हती. आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मुलगी होडीतून उतरून गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने 'बाबा' अशी हाकसुद्धा मारली नाही. नुसती पाहत राहिली. एक शब्द पुरणार होता. 'पुढे' म्हणाले असते, 'मागे' म्हणाले असते, तरी तिला चाललं असतं. कारण दोन्हींचा अर्थ 'पाहिलं' असाच होता.

कप्तानांनी काच बोटभर खाली केली. कंपनीत इतकी वर्षं गेली, पण न पाहिलेल्या घटनेवर त्यांनी कधी सही केली नव्हती.

"मी मागच्या डोलकाठीचा दोर बघत होतो," ते म्हणाले. "तो ढिला पडतोय. या घटनेबाबत माझ्याकडे कसलाही पुरावा नाही."

आणि वारा येत होता म्हणून काच वर केली.

मग मुलगी पाण्यातूनच पंचांना म्हणाली, "सर, आम्ही परत वल्हवतो."

"अगं, हात बघ तुझे," तिच्या शाळेच्या बाई म्हणाल्या. "सालटं निघालीयत."

"होईल हो बाई. त्यात काय!" तिने ओले हात स्कर्टला पुसले. "फक्त या वेळी कोणीतरी बघा."

फेरशर्यत जेवणाच्या सुट्टीनंतर ठरली. कप्तानांनी घड्याळ पाहिलं. पाहायला येण्याची मंजुरी एका शर्यतीपुरती होती आणि ती पूर्णपणे वापरून झाली होती. त्यांनी गाडी सुरू केली.

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मागच्या डोलकाठीचा दोर आणखी सैल होत होता. एका वळणावर तर डोलकाठी काचेकडे अशी झुकली, की कप्तानांनी एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने जहाज धरून गाडी चालवली. प्रदर्शनाच्या दारातच त्यांनी तोंडात सूत ओलं करून, श्वास रोखून, चिमट्याने नवी गाठ मारली. ती बसेल का? बसली! दंतवैद्य अध्यक्षांनी दात तपासायचा छोटा आरसा आत घालून जहाजाचा कोपरा न् कोपरा पाहिला, दोनदा 'हं' म्हटलं, एकदा 'अरे वा' म्हटलं. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. (एक पडलीही, आणि तिच्या मालकाला बाहेर काढण्यात आलं.) अखेर निकाल लागला. कप्तानांचं जहाज दुसरं आलं. पहिलं बक्षीस एका निवृत्त न्यायाधीशांना मिळालं. त्यांनी आपली पेटी उघडलीच नव्हती, आणि त्यामुळे तिच्यात एकही चूक सापडू शकली नाही.

वाचकहो, तुम्हाला कप्तानांचा राग आला असेल. यावा. असा बाप नसावाच. फक्त एक किरकोळ गोष्ट नोंदवून ठेवतो. गाडी सुरू झाली तेव्हा तळ्यावर फेरशर्यत अजून व्हायची होती. काठावर जागा भरपूर होती, आणि मुलीने अगदी स्पष्ट सांगितलं होतं, की या वेळी कोणीतरी बघा. तुम्ही कप्तानांबरोबर निघालात. मागच्या सीटवर काचपेटी होती, तरी मावलात, आणि दोर सुटतो की राहतो हे बघण्यात इतके गुंगलात की एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत.