टकल्या पोपटाला पिसं कुणी लावली?

शोध लावणं हा माझा धंदा नाही, स्वभाव आहे. धंदा चष्म्यांचा. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘चष्मे’ असं लिहिलंय आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत ‘व खासगी तपास’. ती बारीक अक्षरं आजवर एकाही गिऱ्हाइकाने वाचलेली नाहीत. ज्यांना ती वाचता येतात, ते चष्म्याच्या दुकानात कशाला येतील?

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी माझी स्वतःची. दुकानात शिरणाऱ्या माणसाला जवळचं दिसत नाही की लांबचं, हे त्याने दाराला धडक दिली की पायरीला, एवढ्यावरून मी ओळखतो. मागे शेजाऱ्यांची हरवलेली छत्री मीच शोधून काढली. ती माझ्या घरात निघाली हा भाग वेगळा. शोध तो शोधच. माझ्या नाकाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. ते लोकांच्या भानगडीत खुपसण्यासाठीच मला मिळालंय असं बायकोचं मत आहे आणि ती ते पाहुण्यांसमोरही मांडते.

त्या दिवशी मी काचा पुसत होतो, तेवढ्यात माझी भाची दुकानात आली आणि स्टुलावर मटकन बसली. मी तिच्याकडे एक कटाक्ष टाकला.

“बोटांना खडू. खांद्याला पिशवी. तू शाळेतून येते आहेस.”

“मामा, मी शिक्षिका आहे. रोज शाळेतूनच येते.”

“बघ! निघालं की नाही बरोबर?”

एरवी ती हसली असती. आज तिचे डोळे भरून आले. ते पाहिलं आणि माझ्या हातातली काच खाली पडली. सुदैवाने ती गिऱ्हाइकाची होती, माझी नव्हती.

प्रकरण असं होतं. भाची दुसरीचा वर्ग शिकवते. यंदा तिने खटपट करून वर्गासाठी टॅब मिळवले. पाटीएवढे टॅब, प्रत्येकावर एका फळाचं चित्र चिकटवलेलं, म्हणजे ज्याचा त्याला ओळखता यावा. त्यात पाढ्यांचा एक खेळ होता. पडद्यावर एक टकला पोपट बसतो आणि कान देऊन ऐकतो. मुलाने पाढा बिनचूक म्हटला की पोपट “शाब्बास!” म्हणतो आणि त्याच्या अंगावर एक पीस उगवतं. चुकलं, तर म्हणतो, “होतं असं. पुन्हा म्हणू या.” सगळ्यांचे पोपट सकाळी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर रांगेत दिसतात.

“मामा, आधी पाढ्यांचा तास आला की अर्ध्या वर्गाला तहान लागायची आणि उरलेल्यांना शू. आता मुलं मधल्या सुट्टीतही टॅब मागतात. आमची भिंगरी आहे ना, एका जागी न बसणारी? सातच्या पाढ्याला तिच्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं रे, घाम फुटायचा पोरीला. आता पोपटासमोर बसते आणि चुकत चुकत म्हणते. मी दमते, चिडते. पोपट चिडत नाही.”

“मग रडण्यासारखं काय आहे यात?”

“भिंगरी आठवडाभर कांजिण्यांनी घरी आहे. तिचा कलिंगडवाला टॅब कपाटात बंद आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. तरी तिच्या पोपटाला रोज पिसं फुटतायत! आज तर तुरा आलाय.”

“अरे वा!”

“अरे वा काय? मोठ्या बाई म्हणतात, पोरगी घरी, किल्ली तुमच्याकडे, म्हणजे पाढे तुम्हीच म्हणताय. निकाल फुगवताय. शनिवारी पालकसभेत त्या सांगणार आहेत की ही यंत्रं लबाडी शिकवतात, मुलांना आणि बाईंनाही. टॅब परत जाणार. आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, मामा.”

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. चौथीचे पाढे त्या अजून स्वतः घेतात. वर्गाने एका सुरात, बेंबीच्या देठापासून पाढे म्हणायचे, ही त्यांची पद्धत. टॅबना त्या ‘ती खेळणी’ म्हणतात.

माझं काळीज तुटलं. ही पोर लहानपणी बाहुल्यांना रांगेत बसवून शिकवायची. तिला लबाड म्हणतात?

“डोळे पूस,” मी म्हणालो. “माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही.”

“एकही हाती लागलेलाच नाहीये, मामा.”

“मग सुटणार कसा?”

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी शाळेत हजर झालो. फाटकातच शिपाईकाका भेटले आणि त्यांना बघताक्षणी माझा संशय बळावला. शाळेत सगळीकडे वावर असलेला माणूस!

“सातचा पाढा येतो?” मी एकदम विचारलं. असे प्रश्न एकदमच विचारायचे असतात.

“अहो साहेब, सकाळपासून घंटा देतोय, पाणी भरतोय, एका पोराचा बूट पन्हळीत अडकलाय तो काठीने काढतोय. पोपटाला पिसं लावायला वेळ कुठून आणू? आणि तुम्हाला येतो का सातचा?”

उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला ते जास्तच संशयास्पद वाटलं. त्यांच्या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. तपास करणाऱ्याला प्रश्न विचारायचे नसतात.

मग मी दुसरीच्या वर्गातलं कपाट तपासलं. दोन वर्गांच्या मधल्या भिंतीत बसवलेलं, माणूस मावेल एवढं लाकडी कपाट. मुठीजवळ भिंग धरलं आणि मी ओरडलोच, “हिरवा रंग! आणि पोपटाचा रंग कोणता? हिरवा!” भाची काहीतरी सांगायला लागली, पण मी तोवर चित्रकलेच्या सरांच्या खोलीत पोचलो होतो. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत हिरवा.

“आता बोला!” मी म्हणालो.

“आज पानं रंगवतोय,” सर म्हणाले. “काल समुद्र होता, तेव्हा निळा होता. आणि ते कपाट हिरवंच आहे. सुट्टीत मीच रंगवलं.”

मी परत वर्गात जाऊन पाहिलं. कपाट खरंच आख्खं हिरवं होतं. भिंगातून पाहिलं की बारकावे दिसतात, कपाट दिसत नाही.

राहिली भिंगरी. “कांजिण्या रंगवलेल्या असू शकतात,” मी भाचीला हळूच म्हणालो.

“मामा! तिचा ताप तिच्या आईने मोजलाय.”

“आई सामील असेल.”

भाचीने कपाळाला हात लावला. पण माझ्या डोक्यात आता रामबाण उपाय आला होता. गुन्हा कपाटात घडतो ना? मग मीही कपाटात बसणार! खेळाच्या तासाला दुसरीचा वर्ग मैदानावर जातो आणि खोली रिकामी असते. चोर येणार तो तेव्हाच. भाचीने नकाशांच्या गुंडाळ्या बाहेर काढल्या, मला खालच्या खणात कोंबलं आणि म्हणाली, “जीव घाबरला तर दार ठोठाव.”

“आम्ही ठोठावत नाही,” मी म्हणालो. तिने बाहेरून कुलूप लावलं. मुलांचा गलका मैदानाकडे गेला.

आत मिट्ट काळोख होता. माझा उजवा गुडघा डाव्या कानाला लागला होता. हे शरीराला शक्य आहे हा त्या दिवसाचा माझा पहिला शोध. डोक्यावर टॅब चार्जिंगला लावलेले होते. मी दबा धरून बसलो, म्हणजे दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने कुठूनतरी सामूहिक ओरडा सुरू झाला. शाळा म्हटलं की ओरडा आलाच, तिकडे मी लक्ष दिलं नाही. तो थांबला आणि माझ्या डोक्यावर, अगदी टाळूपाशी, कुणीतरी म्हणालं,

“शाब्बास!”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. चोर आत होता! माझ्या आधीपासून आत होता!

“कोण आहे?” मी दरडावलं.

“होतं असं. पुन्हा म्हणू या.”

“पुन्हा काय म्हणू? नाव सांग!”

“होतं असं. पुन्हा म्हणू या.”

“मी कोण आहे माहीत आहे का तुला?”

“होतं असं. पुन्हा म्हणू या.”

आयुष्यात मला इतक्या शांतपणे कुणी उत्तरं दिली नव्हती. बायकोने तर नाहीच. मी म्हटलं, याच्याच भाषेत बोलून याला पकडू. “सात एके सात,” मी सुरू केलं. सात चोक अठ्ठावीसपर्यंत गाडी बरी चालली. सात सकला माझी दातखीळ बसली. “सात सक... अठ्ठेचाळीस!”

“होतं असं. पुन्हा म्हणू या.”

“अरे, चव्वेचाळीस!” मी हरलो नव्हतो, पण घामाघूम झालो होतो. “चाळीस! सेहेचाळीस! काय हवंय तुला?” आणि मी कपाट दणादणा बडवायला लागलो. त्याला ठोठावणं म्हणत नाहीत.

मघाचा ओरडा पुन्हा सुरू झाला होता, तो बंद पडला. पावलं धावली. कपाटासमोर येऊन एक खणखणीत आवाज म्हणाला, “आत कोण आहे?”

“मी.”

“मी कोण?”

“सांगता येणार नाही. तपास चालू आहे.”

शिपाईकाकांनी मैदानावरून भाचीला बोलावून आणलं. कुलूप उघडलं आणि मी मोठ्या बाईंच्या पायाशी येऊन पडलो. “गुन्हेगार अदृश्य आहे!” मी पडल्या पडल्या जाहीर केलं. “माझ्याशी बोलला. त्याला सातचा पाढा येतो!”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कपाटातून कलिंगडवाला टॅब काढला. पडद्यावर गुबगुबीत, तुरेदार पोपट बसला होता आणि कोपऱ्यात एक छोटा कान लुकलुकत होता.

“हा कान कसला?”

“पोपट ऐकतोय, बाई,” भाची म्हणाली. “खेळ संपला की मिटायचा असतो. चार्जिंगला असला की आपोआप मिटत नाही...” ती बोलता बोलता थांबली.

मोठ्या बाईंनी कपाटाच्या पाठीवर बोटाने टकटक केलं. आत विटा नव्हत्या, नुसती पातळ फळी होती. पलीकडून चौथीतलं कुणीतरी म्हणालं, “कोण आहे?” बाईंनी टॅब होता तिथे परत ठेवला आणि फळीला तोंड लावून आवाज दिला, “सातचा म्हणा रे!”

चौथी गरजली. सात एकेपासून सात दाहेपर्यंत भिंत हादरली. टॅब म्हणाला, “शाब्बास!” आणि पोपटाच्या शेपटीला एक नवं पीस फुटलं.

मग भाचीने कपाळावर हात मारून घेतला. “भिंगरीला ऐन पाढ्यात ताप भरला होता. मी तिला उचलून ऑफिसात नेलं आणि टॅब घाईघाईने तसाच कपाटात लावून ठेवला. कान मिटायचा राहिला!”

“म्हणजे या पोपटाला रोज माझा वर्ग पोसतोय,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. “मी तुम्हाला लबाड म्हटलं, चुकलं माझं. नोकरीची काळजी करू नका.” भाचीच्या जिवात जीव आला, तोच त्या पुढे म्हणाल्या, “पण टॅब जाणार. आज चुकून झालं, उद्या मुलं मुद्दाम करतील. फुकटची पिसं मिळाली की नको कोण म्हणतं? शनिवारी मी पालकांना हेच सांगणार.”

भाचीचं तोंड एवढंसं झालं. नोकरी वाचली होती, पण त्या पोरांचे पोपट जाणार होते.

शनिवारी वर्ग पालकांनी भरला. तपास माझा असल्यामुळे मीही एका बाकावर बसलो. बाक दुसरीचा होता, त्यामुळे पुन्हा गुडघे कानाशी. भिंगरी त्या दिवशी पहिल्यांदा शाळेत आली होती, गालांवर खपल्या आणि डोळे लकलकते. भाचीने मोठा पडदा लावला. सगळ्यांत गुबगुबीत पोपट कलिंगडाचा.

“अगंबाई, केवढा झालाय तुझा!” तिची आई कौतुकाने म्हणाली.

भिंगरी पुढे गेली. पडद्याजवळ उभी राहून तिने पोपट नीट न्याहाळला आणि तिचा ओठ बाहेर आला.

“हा माझा नाही.”

“तुझाच आहे गं,” आई म्हणाली. “कलिंगड दिसत नाही का?”

“माझा टकला होता. ही कुणाची पिसं आहेत?”

भाचीने तिला सगळं समजावून सांगितलं, भिंतीपलीकडची चौथी आणि उघडा राहिलेला कान. आई म्हणाली, “मग राहू दे की आता. आली ती आली.”

“नको!” भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “चौथीची आहेत ना? त्यांची त्यांना द्या. माझा टकला मला द्या. मी म्हणेन ना सातचा, तेव्हा येतील.”

भाचीने बटण दाबलं. पिसं, तुरा, शेपटी, सगळं गेलं आणि पोपट सोललेल्या बटाट्यासारखा उघडा झाला. भिंगरीला हसू फुटलं. तिने टॅब मांडीवर घेतला आणि वर्गभर माणसं बसलेली असताना सुरुवात केली. सात सकला अडली.

“होतं असं,” पोपट म्हणाला. “पुन्हा म्हणू या.”

ती पुन्हा अडली. आई चुळबुळली. मी श्वास रोखला, कारण सात सक किती हे मलाही हवं होतं. भिंगरीने पोट एका हाताने दाबून धरलं आणि परत पहिल्यापासून घेतलं. तेव्हा मला दिसलं की मोठ्या बाईंचे ओठ आवाज न करता तिच्याबरोबर हलतायत आणि त्यांचं एक बोट टेबलावर ठेका धरतंय.

“सात सक बेचाळीस!” भिंगरी ओरडली आणि मग थांबलीच नाही. सात दाहे सत्तर!

“शाब्बास!” पोपटाच्या टकलावर एक पीस उभं राहिलं, बारीकसं आणि वाकडं. वर्गाने टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. माझी घारीची नजर एकाएकी धूसर झाली. मी चष्म्याला दोष दिला.

मोठ्या बाई उठल्या. त्यांच्या हातात भाषणाचे कागद होते, ते त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकले. “टॅब राहतील,” त्या म्हणाल्या. “सभा संपली.”

पालक पांगले. भाची फळा पुसायचं निमित्त करून आमच्याकडे पाठ फिरवून उभी होती आणि फळा तर कोरडा ठणठणीत होता. दारापर्यंत गेलेल्या मोठ्या बाई घुटमळल्या.

“तुम्हाला पण म्हणायचाय?” भिंगरीने विचारलं आणि बाकावर सरकून जागा केली.

मोठ्या बाईंनी बाहेर कुणी आहे का ते पाहिलं. मला त्यांनी मोजलंच नाही. मग त्या त्या एवढ्याशा बाकावर बसल्या आणि खणखणीत आवाजात, एका दमात, सातचा पाढा म्हटला.

“शाब्बास!” पोपट म्हणाला.

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पदर सारखा केला, घसा खाकरला आणि भिंगरीला हळूच म्हणाल्या, “आता आठचा लाव.”